बाबांनी स्टॅटिन बंद करून काढा सुरू केलाय: कोलेस्टेरॉलसाठीच्या वनौषधींबद्दल अनुभव आणि माहिती हवी आहे

कृष्णाकाठ | 11 जानेवारी, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझे बाबा 64 वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. 2022 च्या नोव्हेंबरात छातीत कळ आली, अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला. तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 124 होतं. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन (ॲटोरव्हास्टॅटिन 40) आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या (ॲस्पिरिन) सुरू झाल्या. पुढच्या वर्षी एलडीएल 58. आम्ही सगळे निर्धास्त झालो.

परवा माहेरी गेले होते. बाबांची औषधं फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात असतात. कोणती संपत आलीत ते बघावं म्हणून डबा उघडला, तर ऑक्टोबरात मीच आणून ठेवलेल्या ॲटोरव्हास्टॅटिनच्या पट्ट्या जशाच्या तशा. एकही गोळी फोडलेली नाही. ॲस्पिरिनच्या पट्ट्या मात्र संपत आलेल्या. ओट्यावर पातेल्यात अर्जुनाच्या सालीचे तुकडे भिजत घातलेले, पाणी चहासारखं तांबूस झालेलं. शेजारी काचेच्या बरणीत दाट, पिवळट काहीतरी. आईला विचारलं तर ती मान खाली घालून भाकरी थापत राहिली. तिला माहीत होतं.

बाबांना कुणीतरी एका दुकानाचा पत्ता दिला. तिथे महिन्याचा कोर्स मिळतो: गुग्गुळ, अर्जुन आणि लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल, शिवाय घरी करायचा काढा. लिंबाचा, आल्याचा, लसणाचा रस आणि ॲपल सायडर व्हिनेगर एकेक वाटी घ्यायचं, आटवून तीन वाट्या करायचं, गार झालं की तेवढाच मध घालायचा. रोज उपाशीपोटी एक चमचा. तीन महिन्यांत ब्लॉकेज धुऊन निघतं म्हणे, आणि डॉक्टरांची गोळी लिव्हर खाते म्हणे.

काल हट्टाने रक्त तपासून घेतलं. एलडीएल 121. बाबा म्हणतात, "आकडा कसला बघतेस, मला दम लागत नाही, झोप लागते, बरं वाटतंय."

मला भांडण नकोय. ह्या वनस्पतींनी खरंच किती फरक पडतो, कोणत्या धोक्याच्या, आणि बाबांना समजवायचं कसं, हे सांगा.

---

लेक_लाडकी | 11 जानेवारी, रात्री 11:10

ताई, बाकी चर्चा होत राहील. उद्या सकाळी पहिला फोन त्यांच्या कार्डिओलॉजिस्टना. स्टेंट असलेल्या माणसाने स्टॅटिन स्वतःच्या मनाने सोडायचं नसतं.

---

औषधवाली | 11 जानेवारी, रात्री 11:48

लेक_लाडकीशी पूर्ण सहमत. माझं कोल्हापुरात मेडिकल आहे, 22 वर्षं झाली. ही गोष्ट दर महिन्याला काउंटरवर घडते. नेहमीचा पेशंट दोन महिने पट्टी न्यायला येत नाही, मग मुलगा येतो आणि सांगतो की बाबांना पुन्हा ॲडमिट केलंय. म्हणून तुमचा धागा वाचून झोप येईना.

पहिलं म्हणजे, "बरं वाटतंय" हा इथे पुरावाच नाही. एलडीएल 58 असो की 158, माणसाला काहीच जाणवत नाही. ते कळतं फक्त रक्ताच्या रिपोर्टमध्ये. स्टेंटमुळे वाट मोकळी झाली म्हणून दम लागत नाही, आणि त्याचं श्रेय काढ्याला मिळतं.

दुसरं, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 साली भारतीयांसाठी कोलेस्टेरॉलची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सर्वसाधारण माणसाचं एलडीएल 100 च्या खाली, जास्त धोका असलेल्यांचं 70 च्या खाली, आणि ज्यांना आधीच हृदयरोग आहे त्यांचं 55 च्या खाली. बाबा ह्या शेवटच्या गटात येतात. म्हणजे 58 सुद्धा जरा जास्तच होतं. 121 म्हणजे ते पुन्हा स्टेंटच्या आधीच्या जागी येऊन बसलेत.

तिसरं विचारायचंय. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का त्यांच्या? साधं खरचटलं तरी काळंनिळं होतं का? ॲस्पिरिन चालू आणि वर लसणाचा अर्क, कच्चा लसूण, आलं एकदम इतकं. लसूणही रक्त पातळ करतो. भाजीतल्या चार पाकळ्यांची गोष्ट वेगळी, वाटीभर रसाची वेगळी. कुठलं ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर डॉक्टरांना हे सांगायलाच हवं.

बॉक्सवर काय छापलंय तेही वाचा. सप्लिमेंट म्हणून विकलेल्या वस्तूवर ती औषधी वापरासाठी नाही असं छापणं एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने बंधनकारक आहे. बारीक अक्षरात कुठेतरी सापडेल. आणि हृदयरोग बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. दुकानदार तोंडी सांगतो, छापत नाही, त्याचं कारण हेच.

---

अरुणकाका | 12 जानेवारी, सकाळी 7:15

मी थोडं वेगळं सांगतो, रागावू नका. मी 58 वर्षांचा, स्टेंट वगैरे नाही. गेल्या जूनमध्ये एलडीएल 163 निघालं. डॉक्टर म्हणाले तीन महिने आहार-व्यायाम करा, मग गोळीचं बघू. तेव्हापासून हाच लसूण-आलं-लिंबाचा काढा घेतोय. डिसेंबरात 131. गोळी न घेता 32 अंक उतरले. हा माझा प्रामाणिक अनुभव आहे, कुणाच्या दुकानाची जाहिरात नाही. त्यामुळे काढ्यात काहीच दम नाही असं मी तरी म्हणणार नाही.

---

लेक_लाडकी | 12 जानेवारी, सकाळी 9:02

काका, रागवायचं काय त्यात. फक्त एवढं सांगा, जूनपासून काढ्याशिवाय आणखी काय बदललं?

---

अरुणकाका | 12 जानेवारी, सकाळी 9:40

खरं सांगायचं तर बरंच. पहाटे पाच किलोमीटर चालतो. सकाळच्या चहाबरोबरची खारी बंद केली, संध्याकाळचं फरसाण बंद. वजन 7 किलो कमी झालं. विचारलंत म्हणून आता डोक्यात प्रश्न आला की ह्यातलं कशाचं किती.

---

वैद्य_शनिवारपेठ | 12 जानेवारी, दुपारी 2:30

मी बीएएमएस, 19 वर्षं चिकित्सा करतोय. ह्या विषयावर आमच्या लोकांनी स्पष्ट बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

गुग्गुळाची गोष्ट आधी. सुश्रुतात मेदोरोगाचं वर्णन आहे: मेद वाढतो, स्रोतसं (शरीरातल्या वाहिन्या) अडतात, त्यातून पुढचे विकार. त्यावर गुग्गुळ सांगितला आहे. 1960 च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी हे वर्णन आणि आधुनिक शास्त्रातलं धमनीकाठिण्य ह्यांतलं साम्य पाहिलं आणि गुग्गुळ सशांना देऊन अभ्यास केला. त्यांचा प्रबंध 1966 चा. पुढे त्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) महासंचालक झाल्या. लखनऊच्या सीडीआरआय ह्या औषध संशोधन संस्थेने त्या धाग्यावरून गुग्गुळाच्या अर्काचं गुगुलिपिड तयार केलं आणि 1980 च्या दशकात ते भारतात कोलेस्टेरॉलचं औषध म्हणून बाजारात आलं. एका जुन्या श्लोकावर प्रयोगशाळेत इतकं काम झालं, ह्याचा मला अभिमान आहे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. 2003 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 103 जणांवर आठ आठवडे चाचणी केली. काहींना नेहमीचा डोस, काहींना जास्त, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल कमी झालं नाही, उलट 4 ते 5 टक्के वाढलं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं 5 टक्के उतरलं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं, हे आम्ही गुग्गुळाबाबत व्यवहारातही पाहतो. तिथल्या लोकांचा आहार वेगळा, प्रकृतीचा विचार नव्हता, अनुपान (औषधाबरोबर घ्यायचं दूध, मध वगैरे) नव्हतं, हे आक्षेप मीही घेतले आहेत. पण तेवढीच काटेकोर चाचणी करून उलट निकाल दाखवता येत नाही तोवर हृदयाच्या रुग्णाला "स्टॅटिनऐवजी गुग्गुळ घ्या" असं मी सांगू शकत नाही, आणि सांगत नाही.

अर्जुन. आपल्याकडे अर्जुनसादडा म्हणतात. सालीचं चूर्ण दूध आणि पाण्यात घालून पाणी आटेपर्यंत उकळायचं, हा अर्जुन क्षीरपाक. हृदयासाठी त्याची परंपरा जुनी आहे. इंदूरला स्थिर अंजायना (श्रमाने छातीत दुखण्याचा त्रास) असलेल्या 58 पुरुषांवर चाचणी झाली होती, चालण्याची क्षमता आणि छातीतलं दुखणं ह्यात फायदा दिसला. पण एकेका आठवड्याची चाचणी ती. अर्जुनाने पुढचा हार्ट अटॅक टळतो असं दाखवणारा मोठा, वर्षानुवर्षं चाललेला अभ्यास नाही. स्टॅटिनच्या बाबतीत असे अभ्यास लाखाहून अधिक माणसांवर झाले आहेत. हा फरक लहान नाही.

ताई, बाबांना अर्जुनाचा क्षीरपाक आवडत असेल तर त्यांच्या डॉक्टरांना सांगून, गोळी चालू ठेवून घेऊ दे. सालीच्या काढ्यावर माझा आक्षेप नाही. गोळी सोडायला लावणाऱ्या माणसावर आहे. आयुर्वेदाच्या नावाने हे चालतं त्याचा मला फार त्रास होतो.

आणखी एक. सुटं, लेबल नसलेलं चूर्ण किंवा भस्म घेऊ नका. बोस्टनच्या संशोधकांनी 2004 आणि 2008 मध्ये विकतची आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा जवळपास पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. बॅच नंबर, परवाना नंबर नसेल तर ते घरात आणूच नका.

---

भुजवाला | 12 जानेवारी, रात्री 8:20

वैद्यांच्या प्रतिसादाला जोडून थोडं अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. नोकरीनिमित्त 11 वर्षं कच्छमध्ये आहे. गुग्गुळाचं झुडूप इथलंच. काटेरी, वेडंवाकडं, साल कागदासारखी पापुद्रे सुटलेली. थंडी संपता संपता खोडाला चीर देतात आणि पिवळसर डिंक थेंबाथेंबाने जमतो. जास्त डिंक मिळावा म्हणून चिरेत रासायनिक द्रव घालतात. डिंक भरपूर निघतो आणि झाड मरतं. आमच्या कॅम्पच्या मागे अशी वाळलेली दहा-बारा खोडं मी स्वतः पाहिलीत, हात लावला तर काटक्या मोडतात. जगात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या जातींच्या यादीत गुग्गुळ आहे. ज्या कॅप्सूलने एलडीएल उतरतच नाही, तिच्यासाठी हे झाड जातंय, ह्याचं वाईट वाटतं.

---

एडिसनकर | 13 जानेवारी, सकाळी 6:05

न्यू जर्सीहून. इथे आपल्या लोकांमध्ये रेड यीस्ट राईसच्या गोळ्यांची फार चलती आहे. बुरशीवर आंबवलेला लाल तांदूळ. मीही वर्षभर घेतल्या, कारण मला "केमिकल" नको होतं. एलडीएल 150 चं 118 झालं आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो. मग मांड्या दुखायला लागल्या. डॉक्टरांना बाटली दाखवली तर त्या म्हणाल्या, तुम्ही वर्षभर स्टॅटिनच घेताय, फक्त किती ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही.

त्यानंतर वाचत गेलो. जपानमध्ये अकिरा एंडो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो बुरश्या तपासून 1973 मध्ये पहिलं स्टॅटिन शोधलं, तेही तांदळावर मिळालेल्या निळ्या-हिरव्या बुरशीतून. पुढे ह्या लाल तांदळाच्या बुरशीतही त्यांना मोनाकोलिन के सापडलं. तेच रसायन लोव्हास्टॅटिन म्हणून 1987 मध्ये अमेरिकेत गोळीच्या रूपात आलं. म्हणजे स्टॅटिनचं मूळच नैसर्गिक. मी ज्याला केमिकल म्हणून नाकारलं आणि ज्याला निसर्ग म्हणून जवळ केलं, ते रेणू एकच होते.

फरक मोजमापाचा. 2017 मध्ये इथल्या दुकानांतले 28 ब्रँड तपासले गेले. दोघांत मोनाकोलिन के सापडलंच नाही, आणि उरलेल्यांत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त ह्यांच्यात 60 पटींहून जास्त तफावत. शिवाय ह्या तांदळात सिट्रिनिन नावाचं मूत्रपिंडाला घातक विष होऊ शकतं. जपानमध्ये 2024 साली लाल तांदळाच्या गोळ्या घेणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडली आणि माल परत मागवावा लागला. युरोपने 2022 मध्ये मोनाकोलिनचं रोजचं प्रमाण 3 मिलिग्रॅमच्या खाली ठेवायचा नियम केला.

कृष्णाकाठताई, बाबांच्या कॅप्सूलवर घटकांत हे नाव नाही ना, तेवढं नक्की बघा. स्टॅटिन पुन्हा सुरू केल्यावर वर हेही पोटात गेलं तर दुहेरी डोस होईल.

---

कृष्णाकाठ | 13 जानेवारी, रात्री 9:55

सगळ्यांचे मनापासून आभार. रेड यीस्ट राईस नाहीये, दोनदा वाचलं. औषधवालीताई, हिरड्यांतून रक्त येत होतं. आईने दोन महिन्यांपासून पाहिलं होतं, बाबा म्हणाले ब्रश कडक आहे.

डॉक्टरांशी बोलले. गोळी लगेच सुरू करायला सांगितली, काढा आणि कॅप्सूल बंद. आठ आठवड्यांनी रक्त तपासायचं.

पण बाबा ऐकतील की नाही ह्याची धास्ती होती. काल रात्री जेवणानंतर पडवीत त्यांच्याशेजारी बसले. भांडले नाही. विचारलं, गोळी का सोडली, त्रास होत होता का. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गोळी गिळली की मी पेशंट. काढा मी स्वतः उकळतो. आयुष्यभर हाताने दुरुस्त केलं सगळं, हे पण करता येईल वाटलं."

मला काय बोलावं सुचेना. चार महिने आम्ही सगळे त्यांना फक्त "गोळी घेतली का" एवढंच विचारत होतो.

मग डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. बाबांच्या डोक्यात होतं की रक्तवाहिनी म्हणजे पाइप, आत गाळ साचलाय, आंबट काहीतरी ओतलं की निघेल. मी म्हटलं, बाबा, गाळ पाइपच्या आत मोकळा पडलेला नाही, तो भिंतीच्या थरात आहे. रेडिएटरचा जुना होज आतून फुगतो ना, तसा. ते एकदम वळून बसले. म्हणाले, "म्हणजे रबराच्या आतला थर सुटतो तसं? मग तो ॲसिडने कसा जाईल, होजच फाटेल की." मी म्हटलं, तेच, तो फुगवटा फाटला की गुठळी होते आणि अटॅक येतो. गोळी त्या फुगवट्यावरचं अस्तर घट्ट करते आणि नवीन भर पडू देत नाही. गोळी घेतली त्यांनी, माझ्यासमोर.

आता प्रश्न एवढाच, त्यांच्या हाताला काय काम देऊ?

---

जवस_चटणी | 14 जानेवारी, सकाळी 11:20

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीसाठीच लिहितेय. मी आहारतज्ज्ञ, यवतमाळची. हाताला काम देण्यासारखं पुष्कळ आहे आणि ह्या कामाने आकडाही थोडा हलतो. गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे इसबगोल. आपण ते पोट साफ व्हायला घेतो, पण ह्या सगळ्या "हर्बल" यादीत एलडीएलवर ज्याचा पुरावा पक्का आहे असं तेच. यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्तरस बनवतं. तो आतड्यात उतरतो आणि बराचसा परत शोषला जातो. इसबगोलाचा बुळबुळीत गोळा पित्ताला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग यकृताला नवा पित्तरस करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. रोज साधारण 10 ग्रॅम, म्हणजे मोठे दोन चमचे, दोन वेळांत विभागून, भरपूर पाण्याबरोबर. एलडीएल 5 ते 10 टक्के उतरतं. दोन गोष्टी विसरू नका: कोरडं तोंडात टाकायचं नाही, घशात अडकतं, आणि गोळ्या व इसबगोल ह्यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही.

असाच विरघळणारा तंतू ओट्समध्ये आणि जवात असतो. वाल, राजमा, चवळी, भेंडी, वांगं ह्यांतही. टोरंटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी 2003 मध्ये हे सगळं एकत्र करून पाहिलं: विरघळणारे तंतू, सोया, बदाम आणि वनस्पती स्टेरॉल (वनस्पतींतला कोलेस्टेरॉलसारखा घटक). महिनाभरात एलडीएल 28 टक्क्यांहून जास्त उतरलं, लोव्हास्टॅटिन घेणाऱ्या गटाच्या जवळपास. पण त्या लोकांना सगळं जेवण तयार मिळत होतं. पुढे लोकांना नुसता सल्ला देऊन घरी सोडलं तेव्हा 13-14 टक्क्यांवर आलं. तरी थोडं नाही.

आता जवस. विदर्भात जवसाची चटणी ताटात नसेल तर जेवण पुरं होत नाही. बाबांना पाव किलो जवस आणून द्या. लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचं. तडतड सुरू होते, दाणे उडायला लागतात, वास खमंग होतो; तिथेच उतरवायचं, पुढे गेलं की कडवट होतं. मग जिरं, सुकी मिरची, मीठ बेताने, आणि खलबत्त्यात कुटायचं. कुटणं महत्त्वाचं, कारण अख्खा दाणा पचतच नाही, तसाच बाहेर पडतो. हवं तर लसणाच्या दोन पाकळ्या घाला, चवीपुरत्या. आठवड्याची एकदम करा, जास्त नको, खवट होते.

लसणाचंही सांगते. स्टॅनफर्डने 2007 मध्ये 192 जणांना सहा महिने कच्चा लसूण किंवा लसणाच्या गोळ्या देऊन पाहिलं, एलडीएल हललं नाही. आणि 2022 मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने तर समोरासमोर तुलना केली: 190 माणसं, 28 दिवस, एका गटाला रोसुव्हास्टॅटिन 5 मिलिग्रॅम, म्हणजे लहानसाच डोस, इतरांना फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल, रेड यीस्ट राईस. स्टॅटिनने एलडीएल जवळपास 38 टक्के उतरवलं. बाकी एकही गट औषध नसलेल्या गोळीपेक्षा ठळकपणे पुढे गेला नाही, लसणाच्या गटात तर थोडं वाढलं. हळद, दालचिनी स्वयंपाकात असू द्या, कॅप्सूलवर पैसे घालवू नका. हळदीच्या आणि ग्रीन टीच्या अर्काने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्टॅटिनच्या भीतीने जे घ्यायचं त्यानेच लिव्हर बिघडायची.

---

पाय_दुखतात | 14 जानेवारी, रात्री 10:15

मी स्टॅटिन दोनदा सोडलंय, कारण पोटऱ्या दुखायच्या. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी मला लंडनच्या 2020 सालच्या एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेली 60 माणसं. प्रत्येकाला बाटल्या दिल्या: चार महिन्यांच्या स्टॅटिनच्या, चार महिन्यांच्या औषध नसलेल्या नुसत्या गोळीच्या, आणि चार रिकाम्या. कोणत्या महिन्यात कोणती गोळी हे त्यांना माहीत नाही. स्टॅटिनवर जो त्रास जाणवला त्यातला 90 टक्के नुसत्या गोळीवरही जाणवला. दुखणं खोटं नव्हतं, गोळी तोंडात टाकताना असलेल्या भीतीतून ते येत होतं.

मला डोस कमी करून, गोळी बदलून दिली. गेले 14 महिने घेतोय. डॉक्टरांनी सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉईडही तपासलं. थायरॉईड कमी असेल तरी कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्नायूही दुखतात, हे मला माहीतच नव्हतं. मात्र दुखणं असह्य असेल, अशक्तपणा येत असेल किंवा लघवी काळपट होत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

---

मामेबहीण | 15 जानेवारी, सकाळी 10:00

माझा मामेभाऊ 38 व्या वर्षी गेला. सडपातळ, शाकाहारी, निर्व्यसनी. एलडीएल 230 होतं, त्यावर मेथीचं पाणी आणि काढे चालू होते. मामाही चाळिशीत गेला होता. हा आनुवंशिक प्रकार असतो, साधारण अडीचशे माणसांत एकाला, आणि तो कुठल्याच पाल्याने उतरत नाही. ज्यांचं एलडीएल 190 च्या वर आहे किंवा घरात तरुणपणी कुणी हृदयविकाराने गेलंय त्यांनी हा धागा वाचून कृपया लगेच डॉक्टरांकडे जा. मुलांचंही तपासा. आम्ही त्याच्या दोन्ही मुलींचं तपासलं. धाकटीचं जास्त निघालं, तिचे उपचार सुरू झालेत. एवढंच लिहायचं होतं.

---

औषधवाली | 15 जानेवारी, दुपारी 1:25

मामेबहीण, लिहिलंत हे फार बरं केलंत. आपल्या भागातल्या माणसांना पहिला अटॅक लवकर येतो. 52 देशांतल्या एका अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांचं पहिल्या अटॅकचं वय सरासरीने 53 निघालं, इतरांचं 59 च्या आसपास. म्हणून आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन ए (कोलेस्टेरॉल वाहणारा, आनुवंशिकतेने ठरणारा कण) ही तपासणीही करून घ्या. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, वेगळी सांगावी लागते.

---

अरुणकाका | 16 मार्च, सकाळी 8:10

धागा वर काढतोय. लेक_लाडकीने जानेवारीत विचारलेला प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मी स्वतःवरच पाहायचं ठरवलं. चालणं, खाणं, सगळं तसंच ठेवलं. फक्त काढा बंद केला, आठ आठवडे. काल रिपोर्ट आला. एलडीएल 129. डिसेंबरात काढ्यासकट 131 होतं.

काढा नसतानाही तेवढंच आहे, म्हणजे जे उतरलं ते चालण्याने आणि खारी-फरसाण सोडल्याने. मी किमान वीस जणांना हा काढा सांगितला होता. त्यातल्या दोघांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. कालपासून एकेकाला फोन करतोय. चौदा झाले. त्या दोघांना सगळ्यात आधी केला. एकजण गोळी घेत होता, दुसऱ्याने सोडली होती. त्याला आज संध्याकाळी मी स्वतः डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे.

---

वैद्य_शनिवारपेठ | 16 मार्च, सकाळी 11:35

अरुणकाका, एका वेळी एकच गोष्ट बदलून मोजणं, हे तुम्ही नेमकं केलंत. 129 अजून 100 च्या वर आहे, तेव्हा गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी पुन्हा बोला. आणि त्या सहा फोनांपैकी कुणी ऐकत नसेल तर माझ्याकडे पाठवा. वैद्याने सांगितलं तर कदाचित ऐकतील.

---

कृष्णाकाठ | 17 मार्च, रात्री 9:30

आमचाही रिपोर्ट आला. एलडीएल 54. हिरड्यांतलं रक्त थांबलं.

बाबा रोज सकाळी इसबगोल स्वतः भिजवतात. गोळीची वेळ आणि इसबगोलची वेळ फ्रिजवर खडूने लिहून ठेवलीय, वर्कशॉपच्या फळ्यावर लिहायचे तशी. दर रविवारी जवस भाजून कुटतात, अर्धी चटणी शेजारी जाते. आई म्हणते, आवाजाने अख्खी आळी उठते. अर्जुनाची साल डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा दुधात घेतात.

हा धागा त्यांना मोबाईलवर मोठं अक्षर करून वाचून दाखवला. अरुणकाकांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. आता ते म्हणतात मला पण लिहायचंय, म्हणून खालचं त्यांनी सांगितलं तसं टंकतेय:

"अरुणरावांना नमस्कार. तुम्ही पहाटे किती वाजता निघता, आणि पाच किलोमीटरला किती वेळ लागतो? मी घाटाच्या रस्त्याला तीनपर्यंत जातो, चढावर थांबावं लागतं. डॉक्टर म्हणाले थांबलं तरी चालेल. ज्याला तुम्ही काल डॉक्टरांकडे घेऊन गेलात, तो काय म्हणाला ते कळवा."